मध्यस्थाचा बळी

भांडण मिटवावयास गेलेल्या मनुष्यासच प्राणास मुकावे लागावे, ही घटना जगात नवी नाही. परंतु ज्याच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर शस्त्रे झळकत होती, तो कलावंत प्रत्यक्षात समेट घडवावयास गेला आणि गोळीस बळी पडला, हा विपर्यास मन विषण्ण करणारा आहे. हिप-हॉप संगीताच्या आद्य कलावंतांपैकी एक असलेल्या स्कॉट ला रॉक याची ही जीवनकथा आहे.

स्कॉट स्टर्लिंग हे त्याचे मूळ नाव. जन्म १९६२ चा. वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात. बेकारीने गांजलेल्या याच भागातील तरुणांनी १९७० नंतरच्या दशकात जुन्या तबकड्यांच्या तालावर शब्दफेक करीत हे नवे संगीत घडविले. स्कॉट व्हरमाँट राज्यातील महाविद्यालयातून पदवी घेऊन परतला आणि बेघर पुरुषांच्या निवाऱ्यात समाजकार्यकर्ता म्हणून काम करू लागला. रात्री तो तबकड्या वाजवी. त्या निवाऱ्यातच त्याला लॉरेन्स पार्कर हा निराश्रित तरुण भेटला. ओळखीचा आरंभ वादावादीने झाला. परिणती मात्र मैत्रीत झाली. पार्कर पुढे केआरएस-वन या नावाने कीर्ती पावला. त्या दोघांच्या ‘बूगी डाउन प्रॉडक्शन्स’ या संचाची ‘क्रिमिनल माइंडेड’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ साली निघाली. गुन्हेगारीने ग्रासलेल्या वस्तीचे उघडेवाघडे चित्र तीत होते आणि वेष्टनावर दोघेही पिस्तुले घेतलेले दिसत होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संचातील एका तरुण सहकाऱ्याचा काहीजणांशी तंटा झाला. तो मिटविण्यासाठी स्कॉट तेथे गेला असता त्याच्या जीपवर गोळीबार झाला. २७ ऑगस्ट रोजी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. खटला चालला, आरोपी निर्दोष सुटले.

मित्राच्या मृत्यूनंतर पार्करने हिंसेविरुद्ध आवाज उठविला. त्याच्या पुढाकाराने अनेक कलावंत एकत्र आले आणि १९८९ साली ‘सेल्फ डिस्ट्रक्शन’ हे गीत निघाले. त्याचे उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या संस्थेस देण्यात आले. तथापि पुढे तुपाक शकूर १९९६ साली, नोटोरियस बी.आय.जी. १९९७ साली आणि जॅम मास्टर जे २००२ साली गोळीबारातच मारले गेले.

या हत्यांचा दोष केवळ गीतांवर लादणे अन्यायाचे होईल. गीतांनी ब्राँक्समध्ये दारिद्र्य आणले नाही, पिस्तुलेही आणली नाहीत. परंतु शस्त्रांचे प्रदर्शन सर्वस्वी निरुपद्रवी असते, असेही म्हणता येत नाही. वेष्टनावरील पिस्तूल बाजारात खपले. निवाऱ्यातील बेघरांसाठी रोज खपणाऱ्या समाजकार्यकर्त्याचे चित्र मात्र कोणत्याही वेष्टनावर आले नाही. स्कॉट ला रॉकचे स्मरण करावयाचे ते या दुसऱ्या चित्रासाठी. ज्याच्याशी वाद झाला त्यालाच मित्र करण्याची किमया त्याला एकदा साधली होती. तिच्यावरच विश्वास ठेवून तो अखेरच्या तंट्यातही मध्यस्थीस गेला.