आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी : दुसऱ्यांच्या लेखनामागील लेखणी

चरितार्थासाठी हिंदी मुलखात येऊन स्थिरावलेल्या आम्हां मराठी माणसांना ज्या हिंदी साहित्यिकांविषयी विशेष आपुलकी वाटावी, त्यांत आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी हे अग्रगण्य होत. रायबरेली जिल्ह्यातील दौलतपूर या खेड्यात १८६४ साली त्यांचा जन्म झाला. गरिबीमुळे शिक्षण अपुरे राहिले आणि त्यांनी रेल्वेची नोकरी धरली. मुंबईच्या वास्तव्यात ते तारेचे काम शिकले. मराठी व गुजरातीही त्यांनी तेथेच आत्मसात केल्या. पुढे झाशीस असताना वरिष्ठांशी मतभेद होताच १९०४ साली त्यांनी राजीनामा दिला. पेन्शनीचा हिशेब मांडणाऱ्या आम्हां सरकारी नोकरांना या धैर्याचे मोल निराळे सांगावयास नको.

अलाहाबादच्या इंडियन प्रेसच्या ‘सरस्वती’ मासिकाचे संपादकत्व त्यांनी १९०३ सालीच स्वीकारले होते. १९२० पर्यंत ते त्यांच्याकडे होते. खडी बोलीचे गद्य त्या काळी अस्थिर होते. व्याकरण, वर्णलेखन, वाक्यरचना ज्याची त्याची वेगळी. द्विवेदीजी आलेला प्रत्येक लेख शब्दशः तपासीत, वाक्ये मोडून नव्याने बांधीत, परिच्छेद गाळीत. काही लेखांत मूळचे थोडेच उरे. मैथिलीशरण गुप्तांसारख्या तरुण कवीच्या रचनाही या संस्कारातून सुटल्या नाहीत. छापताना नाव मात्र मूळ लेखकाचेच असे.

मग अशा लेखाचा कर्ता कोण मानावा? कचेरीत कारकुनाने मसुदा करावा, साहेबाने तो लाल करावा आणि ज्याची सही त्याचे पत्र ठरावे, हा आमचा नित्याचा अनुभव. साहित्यात हा न्याय चालत नाही. विषय कोणी निवडला, माहिती व विचार कोणाचे, शब्द कोणाचे आणि जबाबदारी कोणी पत्करली, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. केवळ शैलीवरून निर्णय करू जाता फसगत होते, कारण एकाच हाताखालून गेलेले अनेक लेखक सारखेच दिसू लागतात. सुदैवाने द्विवेदीजींनी दुरुस्त केलेली हस्तलिखिते काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या संग्रहात गेली. मूळ अक्षर आणि संपादकाचे अक्षर त्यांत शेजारी शेजारी असल्याने प्रत्येकाचा वाटा तपासता येतो.

याच्या उलट उदाहरणही आहे. १९०८ साली भुजंगभूषण भट्टाचार्य या टोपणनावाने द्विवेदीजींनी उर्मिलेविषयी कवींच्या उदासीनतेवर लेख लिहिला. त्यापासून गुप्तांना ‘साकेत’ महाकाव्याची प्रेरणा मिळाली. तरी ‘साकेत’ गुप्तांचेच, यात कोणास शंका नाही. आमच्या मते विचार ज्याचा व उत्तरदायित्व ज्याचे, तो लेखक. भाषेला वळण देणारा तो संस्कारकर्ता. मात्र इतिहासकाराने दोघांचीही नोंद केली पाहिजे. एकास सर्व श्रेय देणे हा दुसऱ्यावर अन्याय होय.

२१ डिसेंबर १९३८ रोजी रायबरेलीस त्यांचे देहावसान झाले. हिंदीच्या इतिहासातील एका कालखंडास ‘द्विवेदी युग’ म्हणतात, ते केवळ त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांमुळे नव्हे. कोणत्याही मंडळाची पन्नास वर्षेदेखील नाव न मागता काम करणाऱ्यांवरच उभी असतात. सुवर्णमहोत्सवी वर्षी अशा निनावी हातांचे स्मरण करणे, हेच या थोर संपादकास आमचे अभिवादन.