कर्नल कोल्ट आणि लंडनचे रिव्हॉल्व्हर

मंडळी, घोडदळाच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती जमवण्याचा छंद इथे अनेकांना आहे. या प्रतिकृतींमध्ये एक नाव सतत भेटते, सॅम्युएल कोल्ट. भारत आणि लंडन या आपल्या दोन्ही घरांशी या माणसाचा संबंध आला, म्हणून ही थोडक्यात ओळख.

कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी झाला. १८३० साली, सोळाव्या वर्षी, तो 'कॉर्व्हो' जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीला निघाला. याच सफरीत त्याने फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला असे सांगतात. पुढे पैसे उभे करण्यासाठी तो गावोगाव हसवणाऱ्या वायूचे प्रयोग करत फिरला. १८३५ मध्ये त्याने ब्रिटनमध्ये पेटंट घेतले आणि १८३६ मध्ये अमेरिकेत. पॅटर्सनला काढलेला कारखाना मात्र १८४२ मध्ये बुडाला.

त्याला तारले घोडेस्वारांनी. मेक्सिको युद्धात कॅप्टन वॉकर यांच्या सल्ल्याने त्याने नवे रिव्हॉल्व्हर तयार केले आणि १८४७ मध्ये त्याला हजार नगांची सरकारी ऑर्डर मिळाली. त्याचे वजन दोन किलोच्या आसपास! ते कमरेला नव्हे, खोगिराला अडकवत. वॉकर त्याच वर्षी लढाईत मारले गेले.

१८५१ च्या हाइड पार्कमधल्या प्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला आणि १८५३ मध्ये थेम्सकाठी पिम्लिकोत कारखाना काढला. सुटे भाग यंत्रावर एकसारखे बनत, त्यामुळे पिढीजात बंदूक कारागिरांची फारशी गरज उरली नाही. हा कारखाना पाहायला १८५४ मध्ये चार्ल्स डिकन्सही गेले होते. इथे सुमारे ४० हजार 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर तयार झाली. नाव आरमाराचे, पण वजनाला हलकी म्हणून घोडेस्वारांनाही ती आवडत. क्रिमियाचे युद्ध संपले, ॲडम्सच्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरशी चुरस वाढली आणि १८५६ मध्ये कारखाना बंद पडला.

पुढच्याच वर्षी १८५७ चा उठाव झाला. झाशी, काल्पी, ग्वाल्हेरकडे आपले लोक बहुतेक एकबारी बंदुका आणि तलवारी घेऊन लढले. समोरच्या अनेक गोऱ्या अधिकाऱ्यांकडे कोल्ट किंवा ॲडम्सची पाच-सहा बारांची रिव्हॉल्व्हर होती.

१० जानेवारी १८६२ रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी, कोल्ट वारला. तोवर तो अमेरिकेतल्या मोठ्या श्रीमंतांपैकी एक झाला होता.

छंद असणाऱ्यांसाठी थोडे कायद्याचे. २००६ च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या विक्रीवर बंदी आणली, पण १८७० पूर्वीच्या घडणीच्या नकला त्यात मोडत नाहीत. तरी १८ वर्षांखालील मुलांना त्या विकता येत नाहीत आणि सबळ कारणाशिवाय बाहेर घेऊन फिरणे गुन्हा आहे. बार उडवता येणाऱ्या प्रतिकृतीला पोलिसांचा परवाना लागतो.

तेव्हा प्रतिकृती भिंतीवर जरूर लावावी, पण मुलांना कोल्टच्या हुशारीबरोबर १८५७ ची गोष्टही सांगावी, एवढेच आमचे म्हणणे.