जीर्णोद्धारक तुकोबा

सन १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने गुजरात व दख्खन हे दोन्ही मुलूख ओस पाडले. विवळवेढ्याच्या उत्तरेकडील सुरतेहून बऱ्हाणपूरला निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवर पडलेल्या प्रेतांची नोंद करून ठेवली आहे. त्याच आगीत पुण्याजवळच्या देहू गावी एक सुखवस्तू वाण्याचे घर होरपळले. ते घर तुकोबांचे.

सन १६०८ मध्ये जन्मलेल्या तुकोबांचे वय तेव्हा अवघे बावीस-तेवीस वर्षांचे. आईवडील आधीच निवर्तले होते. भावजय गेली, वडीलबंधू सावजी घर सोडून तीर्थाटनास निघून गेले. दुष्काळात दुकान बुडाले, दिवाळे निघाले. थोरली पत्नी रखमाबाई अन्नान्न करीत गेली, पाठोपाठ मुलगा संतूही गेला. महाजनाच्या घरात अन्नावाचून मरण! पिढ्यानुपिढ्या पंढरीची वारी करणाऱ्या कुळावर हे ओढवावे, याचा जाब कोणास विचारावा?

पूर्वज विश्वंभरबाबांच्या काळापासून चालत आलेले विठ्ठलाचे देऊळ तेव्हा मोडकळीस आले होते. तुकोबांनी ते नीट करावयाचे मनावर घेतले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शंका फिटली, मन निवांत झाले आणि मग देऊळ बांधले, असा क्रम नाही. स्वतःच्या आयुष्याविषयी सांगताना तुकोबा दुष्काळ, पत्नीचा मृत्यू, लोकलाज व व्यापारातील खोट यांच्या मागोमाग या देवळाचे नाव घेतात. कीर्तन व काव्य त्यानंतरचे. दुःख ओले असतानाच हात मातीत घातला गेला. घराण्याच्या कर्जखतांतील आपल्या वाटणीची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली व उरलेली धाकटे बंधू कान्होबांस दिली, असे परंपरा सांगते.

पुढेही शंकेने पाठ सोडली नाही. देवाशी इतके रोखठोक भांडण क्वचितच कोणा संताने मांडले असेल. आपल्यापुरता देव उरलाच नाही, इथवर त्यांची वाणी जाते. सन १६५० मध्ये त्यांचे प्रयाण झाले.

आणि धाकटी पत्नी जिजाई? तिच्या करारीपणास लोकांनी उगाच कजागपणा म्हटले. घरात दाणा नसता संसार तिनेच ओढला. धनी भजनात रमले की भाकरी बांधून ती भंडाऱ्याचा डोंगर चढे आणि वाटभर विठोबाला बोल लावी.