केडगावच्या विहिरी आणि रमाबाई

पुणे-दौंड गाडीने कॉलेजला ये-जा करत असाल, तर केडगाव स्टेशन तुमच्या रोजच्या ओळखीचं असेल. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. रमाबाई म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला परिच्छेद आठवतो. संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, विधवांचं शिक्षण. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. पण याच बाईंनी इथे जमीन घेतली, विहिरी खणल्या, शेती उभी केली, हे कुणी सांगितलं का तुम्हाला?

कारण शोधायचं तर त्यांच्या तरुणपणात जावं लागतं. रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत, आणि सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरे. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. अकरावी-बारावीच्या वयात रमाबाईंनी भूक अशी घरात पाहिली. उरलेली दोघं, त्या आणि भाऊ श्रीनिवास, पायी देश फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पदरात छोटी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या. नंतर अमेरिका. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते पुढे पुण्यात आणलं. धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठलं आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

सदनाचा खर्च अमेरिकेतल्या समर्थकांच्या पैशावर चालायचा. मदतीचा शब्द होता दहा वर्षांचा. त्यानंतर काय? म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळबाग लावायची, तिच्यावर संस्था चालवायची, असा हिशोब होता.

बाग हाताशी यायच्या आधीच १८९६चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. सरकारी मदत छावण्या त्यांनी स्वतः पाहिल्या. तिथे एकट्या मुलीला मूठभर धान्यासाठी काय किंमत द्यावी लागते, हेही पाहिलं. काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली-बायकांना त्या घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, शहरात एवढ्यांना ठेवायला परवानगी नाही. मग सगळ्यांचा मुक्काम केडगावच्या माळावर. तेच पुढे ‘मुक्ती’ झालं. १९००च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार ताटं. रोज. जरा डोळ्यांसमोर आणा! विहिरी खणल्या, धान्य आणि भाजीपाला पिकवला, गाईगुरं पाळली, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना घातला. यातली बरीच कामं मुलीच शिकल्या आणि करू लागल्या. म्हणून मुक्ती पूर्ण स्वावलंबी झालं का? नाही. देणग्यांची गरज शेवटपर्यंत राहिली. उपाशी मुलींना आसरा देऊन त्यांना ख्रिस्ती करणं कितपत योग्य, हा आक्षेपही तेव्हापासून आहे, आणि तो बाजूला सारून रमाबाई समजत नाहीत. पण त्या मुलींसाठी तेव्हा किती दारं उघडी होती, हेही विचारायलाच हवं.

५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मुक्ती आजही चालू आहे.

आपणही पूर आला की कॉलेजच्या गेटवर बिस्किटांचे पुडे गोळा करतो. करायलाच हवेत. मीही केलेत. पण पुडे संपल्यावर त्या गावातली माणसं पुढच्या वर्षी काय खाणार, हे मी कधी विचारलं नव्हतं. रमाबाईंनी भूक भोगली होती. त्यांनी ताट वाढलं, आणि विहीरही खणायला घेतली.