दिवाण सर टी. माधवराव : तीन संस्थानांच्या हिशेबाला वळण लावणारा तंजावरी मराठी माणूस

तिरुअनंतपुरमच्या सचिवालयासमोरच्या चौकाला लोक नुसतं 'स्टॅच्यू' म्हणतात. तो पुतळा सर टी. माधवराव यांचा. तंजावरच्या मराठी कुटुंबातला हा माणूस त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला.

जन्म 1828, कुंभकोणम. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. मद्रासला शिकून 1849 मध्ये ते तिथल्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि 1858 मध्ये, तिशी गाठायच्या आत, दिवाण. तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. संस्थानावर कर्ज, नोकरांचे पगार थकलेले. आता पगार थकलेला कारकून रयतेच्या खिशात हात घालणारच! माधवरावांनी पगार वाढवले, मिरी आणि तंबाखूचे सरकारी मक्ते मोडून त्याजागी जकात बसवली, बारीकसारीक कर रद्द केले, कर्ज फेडलं. 1865 मध्ये सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क मिळाला. आणि वर्षभराच्या कारभाराचा अहवाल छापायला सुरुवात झाली. राजाचा खिसा आणि राज्याची तिजोरी एकच समजायच्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

1872 मध्ये राजाशी बिनसलं, पद सोडलं. मग तुकोजीराव होळकरांच्या इंदुरात दोनेक वर्षं.

1875 मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं, कवळाण्याचे बारा वर्षांचे सयाजीराव दत्तक आले आणि बडोद्याचा कारभार माधवरावांकडे सोपवला गेला. महसुलाचे इजारे बंद करायचे म्हणजे बड्या धेंडांशी वैर. ते त्यांनी घेतलं. न्यायालयं, पोलीस, शाळा यांची घडी बसवली. इथेही वार्षिक अहवाल निघू लागले. पण ते इंग्रजीत. म्हणजे जाब विचारणार कोण, तर इंग्रज सरकार. ज्याच्या करावर कारभार चालायचा त्या शेतकऱ्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. माधवरावांच्या कारभारातली ही उणीव मोठीच.

1881 मध्ये त्यांनी तरुण सयाजीरावांना राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. खाजगी खर्चाला मर्यादा हवी, न्यायात लुडबूड नको, लायक माणसं नेमून त्यांना काम करू द्यावं, असा एकूण रोख. त्याच वर्षअखेर महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि 1882 मध्ये माधवराव बडोद्यातून बाहेर पडले.

1887 च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. कायदेमंडळात लोकांनी निवडलेले सभासद हवेत, ही काँग्रेसची तेव्हाची मुख्य मागणी. पुढे त्यांचं काँग्रेसशीही पटलं नाही. 1891 मध्ये मद्रासला त्यांचं निधन झालं.