जॉन बॅक्स्टर टेलर ह्याची धांव

इसवी सन १८६५ मध्यें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. परंतु कायद्यानें मोकळा झालेला मनुष्य लोकांच्या मनांत लागलीच मोकळा होतो असें नाहीं. अशा काळीं, तारीख ३ नोव्हेंबर १८८२ रोजीं, वॉशिंग्टन शहरीं जॉन बॅक्स्टर टेलर ह्याचा जन्म झाला. त्याचे आईबाप पूर्वीं गुलामगिरींत होते. पुढें हें कुटुंब फिलाडेल्फिया येथें येऊन राहिलें व तेथेंच जॉनचें शिक्षण झालें.

पाव मैलाची शर्यत हा त्याचा हातखंडा होता. पेनसिल्वेनिया विश्वविद्यालयांत असतां त्यानें १९०४, १९०७ व १९०८ ह्या तीन सालीं सर्व कॉलेजांच्या सामन्यांत ही शर्यत जिंकली. तथापि धांवण्याच्या नादांत त्यानें अभ्यास सोडिला नाहीं. १९०८ सालीं तो पशुवैद्यकाची परीक्षा उतरला. ज्यांच्या दावणीला बैल आहे, त्या आमच्या वाचकांस ह्या विद्येची थोरवी निराळी सांगावयास नको.

त्याच वर्षीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. चारशें मीटरांच्या अखेरच्या शर्यतींत चौघेच होते: ब्रिटनचा हॅल्स्वेल, आणि अमेरिकेचे कार्पेंटर, रॉबिन्स व टेलर. कार्पेंटरनें हॅल्स्वेलची वाट अडविली असें ठरवून पंचांनीं ती शर्यत रद्द केली, कार्पेंटरला वगळिलें, आणि तारीख २५ जुलै रोजीं ती पुन्हां घेण्याचें फर्माविलें. अशी अडवणूक अमेरिकन नियमांस चालत असे, ब्रिटिश नियमांस चालत नसे. म्हणून मोठा वाद माजला. रॉबिन्स व टेलर ह्यांनीं पुन्हां धांवण्याचें नाकारिलें, आणि हॅल्स्वेलनें एकट्यानेंच धांवून पदक घेतलें. पंचांचा निर्णय कोणास कसाही वाटो. स्वतःच्या नांवावर पदक मिळविण्याची ती संधि टेलरनें सोडिली, एवढें खरें.

त्याच दिवशीं चौघांनीं पाळीपाळीनें धांवण्याची सांघिक शर्यत होती. पहिल्या दोघांनीं दोनदोनशें मीटर, तिसऱ्यानें चारशें व चवथ्यानें आठशें धांवावयाचें. हॅमिल्टन व कार्टमेल ह्यांच्यामागून टेलरनें आपला पल्ला पुरा केला, आणि शेपर्डनें शेवट गांठिला. ३ मिनिटें २९.४ सेकंदांत अमेरिका पहिली आली. जर्मनी दुसरी व हंगेरी तिसरी. ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळविणारा टेलर हा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन होय.

परंतु पुरते पांच महिने लोटले नाहींत, तोंच तारीख २ डिसेंबर १९०८ रोजीं विषमज्वरानें त्याचा अंत झाला. त्या वेळीं तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. जी विद्या तो शिकला, ती चालविण्यास त्याला अवधि मिळाला नाहीं. उंच उडींत पहिला आलेला त्याचा सोबती हॅरी पोर्टर ह्यानें त्याच्या आईबापांस पत्र लिहून कळविलें कीं, धांवपटूपेक्षां माणूस म्हणूनच जॉनची छाप अधिक पडली.

१९३६ सालीं बर्लिन येथें जेसी ओवेन्स ह्यानें चार सुवर्णपदकें जिंकिलीं, व त्यांतील एक सांघिक शर्यतीचेंच होतें. तोही गुलामांचा नातू होता. वाचकहो, पाळीच्या शर्यतींत तिसऱ्या गड्याच्या वांट्यास शेवटची रेघ कधीं येत नाहीं. आपला पल्ला नेटानें धांवून पुढच्यास वाट करून द्यावी, इतकेंच त्याचें काम. तें टेलरनें चोख केलें.