कप्तान कुक आणि त्याचा शिधा

कप्तान जेम्स कुक याचे नाव आमच्या बालवाचकांस भूगोलाच्या पुस्तकावरून ठाऊक असेलच. परंतु नवे देश पाहण्यापूर्वी या पुरुषास कोबी, कांदे व पिंपे यांचा केवढा विचार करावा लागला, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून तेच येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

याचा जन्म 1728 साली यॉर्कशायर परगण्यात एका शेतमजुराच्या घरी झाला. काही दिवस दुकानात नोकरी करून तो व्हिटबी बंदरी कोळशाच्या जहाजांवर उमेदवारी करू लागला व 1755 साली आरमारात शिरला. पुढे 1768 साली शुक्राचे सूर्यबिंबावरून होणारे अधिक्रमण पाहण्यासाठी ताहिती बेटास जहाज पाठविण्याचे ठरले, तेव्हा त्या कामी निवडलेले जहाजही व्हिटबीचेच, कोळसा वाहणारे होते! त्याचे नाव 'एंडेव्हर' ठेविले. पोट रुंद असल्याने त्यात माल पुष्कळ मावे. उष्ण समुद्रांतील किडे लाकूड पोखरतात, म्हणून तळास फळ्यांचा आणखी एक थर ठोकण्यात आला.

माणसे 94, आणि शिधा सुमारे अठरा महिन्यांचा. खारवलेले मांस, पीठ व बिस्किटे हाच त्यातील मुख्य भाग. बिस्किटांत तर पुढे किडे पडत. अशा अन्नावर महिनोन्महिने राहिल्याने खलाशांस स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा वाहू लागत आणि अखेर माणूस मरे. यास्तव तीन टनांहून अधिक आंबविलेला कोबी पिंपांत भरून घेतला होता. मदीरा बेटावर कुकने माणशी वीस पौंड कांदे वाटले, आणि ताजे मांस नाकारणाऱ्या दोघांस प्रत्येकी बारा फटके मारविले. कोबीच्या बाबतीत मात्र त्याने चाबूक बाजूस ठेविला. तो अधिकाऱ्यांच्या पंक्तीस रोज वाढावा व खलाशांनी हवा तर घ्यावा, एवढीच आज्ञा दिली. आठवडा झाला नाही तोच मागणी इतकी वाढली की कोबी मापून द्यावा लागला. घरोघरच्या मातांस ही युक्ती नवी वाटणार नाही!

माल्टच्या काढ्यावर कुकचा फार भरवसा होता. तो चुकीचा ठरला. खरा गुण लिंबाच्या रसात होता, आणि आरमारात तो सर्रास मिळण्यास 1795 साल उजाडावे लागले. तरी एंडेव्हरवर स्कर्व्हीने एकही बळी घेतला नाही. दुर्दैवाने 1770 साली बटाविया येथे ज्वर व हगवण यांनी जहाजास गाठले आणि तेथे व पुढील वाटेवर सुमारे तीस माणसे दगावली. त्यांच्यापुढे कोबीचा इलाज चालला नाही.

1776 साली तो तिसऱ्या सफरीस निघाला, तेव्हा 'रेझोल्यूशन' जहाजाच्या डागडुजीवर त्याची पूर्वीसारखी नजर राहिली नव्हती. जहाज गळत होते. हवाई बेटांवरून 1779 च्या फेब्रुवारीत प्रयाण केल्यावर वादळात पुढील डोलकाठी निकामी झाली, म्हणून त्याच उपसागरात परतणे भाग पडले. तेथे चोरीस गेलेल्या एका होडीवरून तंटा पेटला, आणि त्यात 14 तारखेस कुक मारला गेला.